अनोखी नायण आणि एक कुरळं डोकं

सरळ केसांच्या माणसांना कुरळ्या केसांबद्दल फार मतं असतात, हा जाच मी लहानपणापासून सोसला आहे. तेल कमी पडतंय, घट्ट बांधत जा, अशा केसांच्या पोरी हट्टी निघतात, असं काही ना काही आमच्या गल्लीत येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्या डोक्याकडे बघून बोलून जायची. हट्टी मी निघाले खरी, पण त्याला केस जबाबदार नव्हते, या बायका होत्या. आई रविवारी फणी घेऊन बसली की मला गुडघ्यांत दाबून धरायची आणि मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. तो आरडाओरडा ऐकून एकदा समोरून अनोखी आली. आईच्या हातातली फणी तिने काढून घेतली, माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मुळापासून नव्हे, टोकापासून विंचरायला सुरुवात केली. मी रडायची थांबले. तेव्हापासून माझं लग्न होऊन शहादा सुटेपर्यंत माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

वडील शाळामास्तर होते आणि आम्ही शहाद्याच्या मारवाडी गल्लीत भाड्याने राहत होतो. अनोखी त्या गल्लीतल्या घरांची नायण. नायण म्हणजे न्हाव्याच्या घरची बाई. मारवाडी बायकांची डोकी धुवायची, विंचरायची, कपाळापासून बारीक बारीक वेण्या घालून त्या मेणाने चापून बसवायच्या आणि भांगाच्या टोकाला सोन्याचं बोर बांधायचं, हे तिचं काम. एकदा गुंफलेलं डोकं मग आठ-पंधरा दिवस उघडायचं नाही. लग्नात, बाळंतपणात, मयतीत नायणीवाचून सगळ्यांचं अडायचं, पण पंगतीत तिचं पान मांडलेलं मी कधी पाहिलं नाही. ती मागच्या दाराशी बसून जेवायची आणि आपलं ताट आपण घासून ठेवायची.

संवत छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या सुमाराच्या, दुष्काळात मारवाड ओस पडला तेव्हा तिचा नवरा कामाच्या शोधात दक्षिणेकडे गेला. जाताना लवकर येतो म्हणाला होता. पुढे त्याचा निरोप नाही की खबर नाही. तो आहे की नाही हे देवाला ठाऊक, पण नाही असं कोणी येऊन सांगितलं नव्हतं, म्हणून तो होता. अनोखी कोपरापर्यंत लाखेचा चुडा घालायची आणि कपाळावर चांदीचं बोर बांधायची. एकदा मी विचारलं, तू सगळ्यांची डोकी गुंफतेस, तुझं कोण गुंफतं? ती हसली आणि म्हणाली की नायणीच्या डोक्याला हात लावायला दुसरी नायण लागते, आणि शहाद्यात दुसरी नायण नाही. तिचे केस पातळ नि सरळ होते. दोन्ही हात मागे नेऊन ती स्वतःच कशीबशी त्यांची गाठ मारायची, आणि बोर नेहमी थोडं डावीकडे कललेलं असायचं.

ती शहाद्याला आली ती इचरजबाईंच्या केसांपायी. पंचम जॉर्जच्या दरबाराचं ते साल. आमच्या समोरच्या घरातले कापसाचे व्यापारी चांदमल शेठ यांचं लग्न मारवाडातल्या इचरजबाईंशी ठरलं. मुलगी पाहिली ती कुणी? सासूने, आणि तेही मुलीचं डोकं गुंफलेलं असताना, वर जाड ओढणी, आत मेणाने चापलेल्या वेण्या. त्या लोकांत सून पारखायची ती रंगावर, दातांवर आणि चालण्यावर. केस उघडे करून दाखवायची रीतच नाही. वरात आगगाडीने दोंडाईच्याला उतरली, तिथून बैलगाड्यांनी, सारंगखेड्याजवळ तापी ओलांडून शहाद्याला आली. पाठराखीण म्हणून नवरीबरोबर अनोखीला धाडलं होतं. महिनाभर राहून ती परत जायची होती.

आठव्या दिवशी मागच्या चौकात नव्या सुनेचं डोकं उघडलं. वेण्या सुटल्या, पाणी पडलं तोवर ठीक होतं. ओले केस कमरेच्या खाली गेले, सासू खूश झाली. मग ते सुकायला लागले आणि वर चढायला लागले. कमरेवरून पाठीवर, पाठीवरून खांद्यावर आले, चहूबाजूंनी फुलले आणि चौदा वर्षांच्या त्या पोरीचा चेहराच त्यात दिसेनासा झाला. कुरळा केस असाच असतो. ओला असताना एक लांबी, सुकल्यावर दुसरी. हे मला न्हाताना रोज दिसतं, पण सरळ केसांच्या सासूने जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याला फसवलं म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. असले केस म्हणजे घरात भांडण, असं तिचं म्हणणं. पण लग्न लागून गेलं होतं. तेव्हा तिने एक निकाल दिला. ज्या नायणीने हे झाकलं तिनेच ते झाकत राहावं. घरातल्यासुद्धा कोणाला केसांचं वळण दिसता कामा नये. अनोखीचं परत जाणं राहिलं ते राहिलंच. तिकडे तिची वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तिनेही फार ओढून धरलं नाही. कापसाच्या वखारीमागची एक खोली तिला मिळाली. त्या खोलीला कायम सरकीचा वास यायचा.

इतर सुनांची डोकी पंधरवड्याने, इचरजबाईंचं मात्र दर आठवड्याला. त्या आठवड्यातही कपाळाशी हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांसारखी बारीक वळणं मेणाला न जुमानता वर यायचीच, आणि पावसाळ्यात तर अनोखीच्या नाकी नऊ यायचे. मारवाडातून आणलेल्या बारीक दातांच्या फणीचे दात त्या केसांत मोडले. मग सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्या दिवाल्या नावाच्या माणसाकडून तिने मुद्दाम शिसवी फणी करून घेतली, जाड आणि लांब लांब दातांची. त्याच्या बायकोचे केस असेच होते, त्यामुळे त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. डोकं ताकाने धुवायचं. विंचरायचं ते ओलं असतानाच. खानदेशात जवसाला तोटा नाही. ते उकळून त्याचा चिकट रस गाळायचा, केसांना चोळायचा आणि मग वेणी घालायची. हे सगळं व्हायला अख्खी सकाळ जायची.

ती सकाळ म्हणजे इचरजबाईंचं काय होतं, ते मी सांगते. त्या घरात सासऱ्यासमोर बोलायचं नाही, सासूसमोर मोठ्याने बोलायचं नाही, नवरा दिवसा दिसायचा नाही आणि दिसला तरी चारचौघांत त्याच्याशी बोलायचं नाही. आठवडाभर घुंगट खाली आणि तोंडाला कुलूप. चौकात पाटावर बसलं की मात्र अनोखी पाठीमागे असायची, आणि पाठीमागच्या माणसाशी बोलायला घुंगट लागत नाही. इचरजबाई तेवढ्या वेळात आठवड्याचं बोलून घ्यायच्या. माहेरच्या उंटिणीबद्दल, रात्री पडलेल्या स्वप्नाबद्दल, जन्मल्या जन्मल्या गेलेल्या मुलीबद्दल. आणि अनोखी आपल्या नवऱ्याबद्दल बोलायची ती फक्त तिथे. दोघी एकमेकींचं तोंड न बघता बोलत. त्यांना कोणी मैत्रिणी म्हटलं असतं तर दोघींनाही ते चमत्कारिक वाटलं असतं. एक शेठाणी, एक नायण. पण मला विचाराल तर त्या दोघींना या जगात दुसरं माणूस नव्हतं.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. सासू-सासरे गेले, मुलगा हुकमीचंद मोठा झाला, त्याचं लग्न झालं. मग एका उन्हाळ्यात चांदमल शेठ तापाने गेले.

नवरा गेला की बाईचं बोर उतरवायचं कामही नायणीचंच असतं. अनोखीने ते उतरवलं, वेण्या सोडल्या, मेण धुऊन काढलं. बोलायची ती वेळ नव्हती. मग रीतीप्रमाणे इचरजबाईंना एका अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात बसवलं. मारवाडी विधवेने कोपऱ्यात बसायचं असतं, वर्ष वर्ष उजेडात यायचं नसतं. विधवेला वेण्या नाहीत. आपलं डोकं आपण धुवावं आणि गाठ मारून ओढणीखाली घ्यावं. त्यातून अनोखी पडली चुडेवाली. सवाष्ण नायणीने विधवेच्या डोक्याला हात लावू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. पण हुकमीचंदच्या बायकोच्या माहेरी तशी रीत होती आणि आता घरात तिचं चालत होतं.

तरी अनोखी त्या घरी जातच होती, सुनेचं डोकं करायला. तोच चौक, तोच पाट. सुनेचे केस सरळसोट, घटकाभरात काम उरकायचं. कोपऱ्याच्या खोलीचं दार चौकातच उघडत होतं. दाराआड इचरजबाई बसलेल्या असत. त्यांना अनोखीचा चुडा वाजलेला ऐकू यायचा आणि अनोखीला त्यांचं खोकणं. मधे सून बसलेली. अनोखी सांगायची की त्या काळात ती काम झाल्यावरही तेलाची वाटी पुन्हा पुन्हा पुसत बसायची. मला अजून त्या सुनेचा राग येतो. ती दुष्ट नव्हती, हे मला कळतं. तिला काही कळतच नव्हतं, आणि मला त्याचाच राग येतो.

वर्षाचा कोपरा संपला, इचरजबाई घरात हिंडू-फिरू लागल्या. अनोखीला मात्र बोलावणं नव्हतं. मग एक दिवस सूनच कुरकुरत बाहेर आली. सासूबाईंच्या डोक्याचा गुंता झालाय, त्यांचा हात मागे पोचत नाही, मला तर ते सुटत नाही. शेवटी नाइलाजाने तिने अनोखीला आत घेतलं, पण चुड्यावर फडकं गुंडाळायला लावलं, म्हणजे सौभाग्य झाकलं जाईल आणि आवाजही होणार नाही. अनोखीने दोन्ही हातांना फडकी गुंडाळली आणि जाऊन पाठीमागे बसली.

केसांत बोटं घातल्याबरोबर ती थबकली. कुरळा केस गुंततो तो मानेवर, जिथे ओढणी घासते, नाहीतर टोकांशी. हा गुंता उजव्या कानाच्या वर होता, जिथे बसल्या जागी सहज हात जातो. आणि गुंता तरी कसला? बट पिळलेली होती, तिच्याभोवती दुसरी गुंडाळलेली होती आणि टोक आत घालून ओढलेलं होतं. केस आपल्या आपण गुंततो, पण गाठ मारत नाही. ही मारलेली गाठ होती.

अनोखीने पाणी घेतलं, जवसाचा रस घेतला आणि जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावून ती गाठ सोडवली. इचरजबाई हळूहळू बोलायला लागल्या. पुढल्या महिन्यात पुन्हा गुंता, त्याच्या पुढल्या महिन्यात पुन्हा. सून म्हणायची, सासूबाईंचं डोकं म्हणजे अघोरी प्रकरण आहे. अनोखी मान डोलवायची. दोघींनी एकमेकींना काहीही विचारलं नाही, काहीही सांगितलं नाही. गाठी तेवढ्या वाढत गेल्या.

आणि तिथेच इचरजबाईंचा हिशोब चुकला. माणूस फार दिवस उपाशी राहिलं की त्याला हात आखडता घेता येत नाही. त्या वर्षीच्या पर्युषणाआधी त्यांनी सबंध डोकंभर गाठी मारल्या. घरात पाहुणे यायचे होते, सुनेच्या कडेवर तान्हं मूल होतं, आणि चौक दोन दिवस अडणार हे दिसत होतं. सून रडकुंडीला आली. जोधपूरकडची एक चुलत सासू आलेली होती, ती म्हणाली की विधवेला हवेत कशाला केस, काढून टाका. हुकमीचंदला ते पटलं. आईचा त्रास वाचेल असंच त्याला मनापासून वाटलं, यात शंका नाही. पुरुष न्हाव्याला माजघरात आणणं बरं दिसत नाही, तेव्हा त्याने अनोखीलाच निरोप पाठवला, येताना कात्री आण.

निरोप ऐकून अनोखी कितीतरी वेळ वखारीच्या दारात बसून होती. तिचं पोट त्या केसांवर नव्हतं. तिला दुसरी घरं होती. पण केस गेले की गाठ गेली, आणि गाठ गेली की तिला त्या चौकात इचरजबाईंच्या पाठीमागे बसायचं काही कारण उरत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं. म्हणून ती गेली. फडकी गुंडाळली, कात्री घेतली आणि पदराखाली शिसवी फणीही घेतली.

इथून पुढचं तिने मला सांगितलं ते इचरजबाई वारल्यानंतर, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, माझे केस विंचरताना. दोघी आपसात मारवाडी बोलत, पण अनोखीने मला सांगितलं ते शहाद्याच्या अहिराणीत, म्हणून मीही तसंच लिहिते. त्यानंतर दोनेक वर्षांनी, लढाई चालू असताना, अनोखीही गेली. वडिलांनी मला कळवलं. वखारीमागच्या खोलीत ती दोन दिवस आजारी होती आणि कोणाला पत्ता नव्हता. चुडा हातात तसाच होता. नवऱ्याची खबर शेवटपर्यंत आली नाही.

तर त्या दिवशी इचरजबाई चौकात पाटावर येऊन बसल्या होत्या. सून मुलाला घेऊन दाराशी उभी होती. मूल रडायला लागलं म्हणून ती आत गेली, तेवढ्यात इचरजबाई समोर बघत म्हणाल्या, "गाठी मीच मारेल शेतस, अनोखी."

"माले माहीत शे," अनोखी म्हणाली. "पहिली गाठ सोडी तवयच समजनं."

त्यावर इचरजबाई रडल्या. आपण लोभ केला, थोड्याच मारायला हव्या होत्या, असं काहीसं त्या ओढणीत तोंड घालून म्हणत होत्या. अनोखीने कात्री बाजूला ठेवली आणि फणी काढली.

सून परत आली आणि तिने हटकलं, कापायचेच आहेत तर विंचरतेस कशाला? गुंत्यात कात्री नीट चालत नाही, केस वरखाली कापले जातील, पाहुण्यांपुढे बरं दिसणार नाही, असं अनोखीने ठोकून दिलं. सुनेला काय कळतंय. तिने पाहुण्यांचं नाव ऐकलं आणि गप्प बसली. अनोखी एकेक गाठ सोडवत राहिली. ऊन चौकाच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. एकही गाठ तिने कापली नाही. डोकं धुतलं, रस चोळला आणि वेण्या न घालता, मेण न लावता केस तसेच मोकळे सुकू दिले.

लग्नानंतरच्या त्या आठव्या दिवसापासून असं कधी झालं नव्हतं. ओले असताना विंचरायचे आणि ओले असतानाच बांधून टाकायचे, हेच अनोखीचं काम होतं. ते सुकले, फुलले, वळणावर वळण घेत खांद्यांवर आले. काळे, दाट, कुठेकुठे एखादा पांढरा. अनोखीने त्यातली दोन्ही हातांत मावेल एवढी जुडी पुढे घेऊन इचरजबाईंच्या मांडीवर ठेवली. विधवेला आरसा द्यायचा नसतो.

इचरजबाई बराच वेळ बघत राहिल्या. चाळिशीकडे आलेल्या त्या बाईने आपले केस मोकळे, सुकलेले, उजेडात असे कधी पाहिलेच नव्हते; त्या आठव्या दिवशीही सासूच्या आकांतात ते बघायची सोय नव्हती. लहानपणी आईने झाकले, मग सासूने. "या मन्हाच केस शेतस?" त्यांनी विचारलं.

अनोखी मला म्हणाली होती की त्या वेळी तिला स्वतःच्या हातांची लाज वाटली. एवढी वर्षं ज्या हातांनी हे दाबलं ते हात. मग आतून सुनेची हाक आली, झालं का? तेव्हा तिने कात्री उचलली.

केसांवर पुन्हा पाणी मारलं. एकेक बट धरून खाली ताणली आणि खांद्याशी कापली. जमिनीवर केसांचा ढीग पडत गेला. सून आली तेव्हा ढीग मोठा होता. अनोखीने शेवटची बट सोडली आणि टॉवेलने डोकं चोळलं. ताण सुटल्याबरोबर खांद्यापर्यंतचे केस आखडून कानांच्या वर जाऊन बसले. लहान पोराच्या जावळाएवढे दिसायला लागले. सुनेने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं बाई, आता कटकट नाही. ढीग झाडायला केरसुणी आणायला ती वळली.

चौकात दोघीच राहिल्या. इचरजबाईंनी हात वर नेऊन डोकं चाचपलं आणि हात खाली घेतला.

"आते तू कसाले येशी?" त्यांनी विचारलं.

अनोखीने कानावरची एक बट दोन बोटांत धरली, हळूच ओढून खांद्यापर्यंत आणली, आणि इचरजबाईंचा हात घेऊन तिचं टोक त्यांच्या चिमटीत दिलं.

"बाईसा," ती म्हणाली, "इतला केसमा बी गाठ बसस."